मावशीनं पुसलेली चौकट

कुणी पवित्र शास्त्र वाचता वाचता मध्येच थांबलं, की मावशी छत्रीचं टोक जमिनीवर ठोकायची. "थांबलीस कशाला? पुढचं वाच." घरी वाचणारी कालपरवा आलेली सून असो, नाहीतर प्रार्थनाघरात खुद्द पाळकसाहेब असोत. एकदा साहेब शापांच्या ओळींवर मुद्दाम थांबले. चष्मा काढला, रुमालानं सावकाश पुसायला घेतला. लोकांना जरा धडकी भरावी असा बेत होता. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं ठक्क झालं. "साहेब, पुढचं वाचा. इकडे बायाबापड्यांच्या घशाला कोरड पडलीय." सगळं प्रार्थनाघर खुसखुसलं आणि साहेबांनी मुकाट्यानं पुढचं वाचलं.

तिचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलेलं तिला आवडलंच नसतं. "माझं नाव जिथं लिहायचं तिथं लिहिलेलं आहे, तू कशाला शाई नासतेस?" असं काहीतरी ऐकवलं असतं. ठाण्याला तळ्याच्या पाठीमागे आमची मूठभर ख्रिस्ती घरांची आळी होती. तिथं ती लहानथोरांची मावशीच. मिशनची बायबलबाई. घरोघर जायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, त्यांच्या चुलीपाशी बसून चार गोष्टी बोलायच्या, हे तिचं काम. बुटकी, सावळी, पांढरं लुगडं, पायात पुरुषी वहाणा, काखेत ती छत्री. ऊन असो, पाऊस असो, छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही.

आणि मिश्री लावायची! बायबलबाईनं मिश्री लावू नये अशी मिशनची ताकीद होती. म्हणून ही आमच्या मागीलदारी येऊन लावायची. मी बघितलं की मलाच दटावायची, "उभी काय राहिलीस खांबासारखी? जा, आधण ठेव." प्रार्थना करायची तीही भांडल्यासारखी. "देवा, काल एक काम सांगितलं होतं, अजून झालेलं नाही," अशी सुरुवात. आमच्या सासूबाई कानांवर हात ठेवायच्या. मला मात्र वाटायचं, ज्याच्याशी इतकं हक्कानं भांडता येतं, त्याच्यावर हिचा केवढा विश्वास असेल!

चेंदणीच्या कोळीवाड्यात तिची रोजची फेरी असे. तिथल्या काही जणी पोर्तुगीजांच्या काळापासूनच्या जुन्या ख्रिस्ती घरांतल्या होत्या, त्या हिची फिरकी घ्यायच्या. "आम्ही फिरंग्याच्या वेळचे गो, तू तर कालची!" मावशी पदर खोचून खाली बसायची. "कालची तर कालची. आज काय ऐकायचं ते बोला." एकदा ती जलप्रलयाची गोष्ट वाचत होती. ऐकणाऱ्यांत एक जण अशी होती की तिचा नवरा होडी उलटून गेलेला. ती मध्येच किंचाळली, "नको वाचू! बुडालेल्यांचं नको वाचू!" त्या दिवशी मावशीनं पुस्तक मिटलं. तिच्या शेजारी बसून टोपलीभर मासळी साफ करून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच दारात. "आज कुणी बुडत नाही. आज पाणी ओसरतंय. ऐकतेस?" ती ऐकायला बसली. पुढे कितीतरी वर्षं मावशीला ताजी मासळी त्याच घरातून येत असे, आणि मावशी ती आमच्याकडे आणून शिजवत असे.

तिचं माहेर कल्याणचं, विणकरांचं. बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावानं तिच्या नावानं घडा फोडला. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. जिवंत माणूस मेलं असं धरायचं, त्याचं क्रियाकर्म उरकायचं आणि पुन्हा त्याचं तोंड पाहायचं नाही, असा तो प्रकार. तरी दर भाऊबिजेला मावशी कल्याणला जायची. भावाच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला उभी राहायची. तो ओट्यावर हिच्याकडे पाठ करून बसायचा. थोडा वेळ थांबून ही परत यायची.

"कशाला जाता मावशी? तो बघतसुद्धा नाही," मी एकदा चिडून म्हटलं.

"पण बाहेर येऊन बसतो ना? घरात नाही बसत," ती म्हणाली. "यंदा केस पार पांढरे झालेत ग त्याचे. पाठीवरून कळतं."

"रडू नाही येत तुम्हाला?"

"येतं की. पण मेलेल्या बाईनं रस्त्यात उभं राहून रडलं तर लोक पळत सुटतील." आणि खो खो हसली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ती जन्मतःच अशी धीट होती असं मात्र समजू नका. एकदा तांदूळ निवडता निवडता तिनंच सांगितलं. मोठ्या वयात एका मडमबाईनं तिला अक्षरओळख करून दिली. मडम म्हणे, नव्या करारापासून वाच. पण ही हट्टी. पुस्तक कधी मधून वाचतात का म्हणून जुन्या करारापासून लागली. पहिल्याच पानापासून नेटानं वाचत गेली आणि न्यायाच्या गोष्टींत जाऊन अडकली. कुठं आकाशातून आग, कुठं जमीन दुभंगून माणसं आत. नियम मोडला की शासन, पुन्हा मोडला की पुन्हा शासन.

"माझी पाचावर धारण बसली," मावशी म्हणाली. "सोडलेले देव एकीकडून रागावलेले, धरलेला देव दुसरीकडून. मी जाऊ कुठं? पुस्तक फडताळात ठेवून वर पाटा ठेवला, उघडू नये म्हणून!"

"मग?"

"मग काय, पाटा वाटणाला लागतोच. काढला. पुस्तक उघडलं आणि पुढचं वाचलं. वाचता वाचता एक दिवस ध्यानात आलं, न्याय करायला जो बसलाय तोच उठून खाली आलाय आणि आरोपीच्या जागी उभा राहिलाय. माझ्या जागी. बस्स. माझा खटला तिथंच निकालात निघाला." तिनं सुपातला खडा उचलून बाहेर फेकला. "तेव्हापासून मला कुणी त्या गोष्टींच्या मध्येच थांबलेलं खपत नाही. तिथं थांबलं की माणूस भीतीनं मरतं."

मग प्लेग आला.

आधी मुंबईत आला, तोवर आम्ही नुसतं ऐकत होतो. मग आमच्या घरांतून उंदीर मरून पडायला लागले आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्यांना गावं होती ते गावाला गेले. ज्यांना नव्हती त्यांनी शेतात झोपड्या घातल्या. आमची आळी मात्र जागेवरच राहिली. पाळकसाहेब नगरकडे आजारी बहिणीला भेटायला गेले होते, ते वाटेवरच्या तपासण्यांत अडकून पडले. तेव्हा रविवारची प्रार्थना दानिएल मुकादमांकडे आली. रेल्वेच्या रुळांवर मजुरांची टोळी सांभाळून निवृत्त झालेले गृहस्थ. आवाज असा की खाडीच्या या तीरावरून हाक मारली तर कळव्याला ऐकू जावी. माणूस मनानं वाईट नव्हता हो. पण घाबरला की काही माणसं गप्प होतात आणि काही जास्तच बोलायला लागतात. मुकादम दुसऱ्या जातीचे.

त्या रविवारी त्यांनी मिसर देशाची, म्हणजे इजिप्तची गोष्ट वाचली. देवाचा दूत घरोघर मरण घेऊन फिरला, आणि ज्या घराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेलं होतं तेवढं घर ओलांडून पुढे गेला. एवढं वाचून मुकादमांनी पुस्तक मिटलं. "समजलात?" म्हणाले. नेमकी मावशी त्या आठवड्यात कल्याणला, तिथल्या ख्रिस्ती बायकांकडे गेलेली. छत्री ठोकायला कुणी नव्हतं.

दुपारपर्यंत आळीत सल्लामसलत सुरू झाली. बकरा कापावा असं निघालं, पण मिशनला कळलं तर काय, म्हणून ते मागे पडलं. रक्त नाही तर गेरू, असं ठरलं. शास्त्रात ते रक्त एजोबाच्या जुडीनं लावलेलं. आता एजोब म्हणजे काय, कुणी पाहिलाय? एक जण म्हणाला, तुळस असेल. दुसरा त्याच्या अंगावर धावला, तुळस कशी चालेल, ती तर आपण मागे सोडून आलो! शेवटी कडुलिंबावर एकमत झालं. संध्याकाळच्या आत कडुलिंबाच्या डहाळ्यांनी सगळ्या आळीच्या चौकटी लालभडक झाल्या. आमची सासूबाईंनी स्वतः रंगवली, डोळे मिटून, पुटपुटत. मीही मुलीला कडेवर घेऊन बघत उभी होते, आणि खोटं कशाला बोलू, बघून मला बरं वाटलं.

गंमत पुढे झाली. मुंबईकडे ज्या घरात प्लेग झाला त्या घरावर सरकारी माणसं लाल खूण करत. तपासणी करणारं पथक आमच्या आळीच्या तोंडाशी आलं आणि जागच्या जागी थबकलं. एकूण एक दार लाल! गोऱ्या साहेबानं नाकाला रुमाल लावला. मग काय विचारता! घराघरात शिरून अंथरुणं बाहेर, धान्य बाहेर, माणसांच्या काखा तपासून झाल्या. मुकादम आपल्या भारदस्त आवाजात मिसर देशाची गोष्ट साहेबाला समजावून सांगत होते, आणि साहेबाचा दुभाषी कपाळाला हात लावून उभा होता.

दुसऱ्या दिवशी मावशी कल्याणहून परतली. आळीत शिरली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "कुणाचं लग्न ग?"

मी सगळं सांगितलं. कडुलिंबापाशी आले तशी ती पोट धरून हसायला लागली. "अगं, देवीची साथ आली की आमची आजी हेच करायची! कडुलिंब आणि तांबडं! एवढं घरदार सोडून निघालो, एवढं चाललो, आणि पोचलो कुठं, तर आजीच्याच दारात!" मग ती आमच्या दाराशी आली. आमच्या चौकटीवर बोट फिरवलं, बोटाला आलेला गेरू बघितला.

मुकादम समोरच्या घरातून बाहेर आले. पाठोपाठ इतरही आले.

"बाई, हे शास्त्रात आहे," मुकादम म्हणाले.

"आहेच. नाही कुणी म्हटलं? पण तुम्ही तिथंच थांबलात, मुकादम. त्या कोकराच्या नंतर जो आला, त्याचं काय? त्याचं रक्त क्रुसावर एकदाच सांडलं आणि पुरलं. आता गेरू फासून त्याला काय सांगताय? की बाबा, तुझं कमी पडलं, वरून थोडी माती लावतो?"

"आणि आळीत कुणी मेलं तर?" मुकादमांचा आवाज चढला. "जबाबदारी घ्याल?"

"मरेलही. आपण काय अमरपट्टा बांधून आलोय?" मावशी ओरडली नाही, उलट आवाज खाली आणला. "मरण तुमचं दार चुकवून जाईल असा शब्द त्यानं दिलेला नाही, मुकादम. मरणाच्या दारातून धरून पलीकडे नेईन, असा दिलाय. मी त्या शब्दावर घर सोडलं. तुम्हीही सोडलंत."

मग माझ्याकडे वळली. "तुझ्या दारापासून सुरू करू का?"

सगळी आळी माझ्याकडे बघायला लागली. मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी तोंड फिरवलं. तेवढ्यात उंबऱ्याशी उभ्या असलेल्या आमच्या यांनी "पुसा, मावशी," म्हटलं. हे स्टेशनात तारमास्तर. दिवसभर तारेच्या यंत्राशी कटकट बोलायचे, म्हणून की काय कुणास ठाऊक, माणसांशी बोलायला शब्दच उरायचे नाहीत. प्रार्थनाघरात कधी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. त्यांच्या तोंडून ते दोन शब्द निघाले आणि मलाही धीर आला. मी बादली आणि काथ्या आणून दिला.

मावशीनं घासघासून चौकट पुसली. बाकी कुणी मात्र आपल्या दाराला हात लावू दिला नाही. सगळ्या लाल आळीत आमचं एकट्याचं दार उघडं पडलं.

आठवडा उलटला नसेल. हे कामावरून आले ते भिंतीला धरत. अंगात फणफणून ताप, आणि काखेत गाठ.

सासूबाईंनी हंबरडा फोडला. "पुसलं! माझ्या लेकाचं दार पुसलं ग हिनं!" मावशी निरोप मिळताच धावत आली होती.  तिनं पाणी तापत ठेवलं, यांचे कपडे बदलले, मुलीला उचलून सासूबाईंच्या मांडीवर दिलं. "हिला दुसऱ्या खोलीत न्या. रडायचं तर रडा, पण हिला इकडे आणू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादम दोघातिघांना घेऊन आले. अंगणातच उभे राहिले. हातातली गेरूची बादली उंबऱ्याबाहेर ठेवली, वर कडुलिंबाची जुडी. "तारमास्तरांवर न्याय आलाय, पोरी," मला म्हणाले. "अजून वेळ गेलेली नाही. लाव परत. आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ढोंगी असते तर मी चार शब्द सुनावून हाकलून दिलं असतं. पण त्यांना खरंच आमचं भलं व्हायला हवं होतं, आणि म्हणूनच मी ती बादली तिथं राहू दिली.

ते गेल्यावर मी उंबऱ्याशी त्या बादलीसमोर बसून राहिले. आत हे बरळत होते. सासूबाई आतून म्हणाल्या, "लाव ग बाई. तुझ्या पाया पडते." मावशी ओल्या फडक्यानं यांचं कपाळ पुसत होती. मी मागे न बघता विचारलं, "मावशी, खरं सांगा. आमच्यावर न्याय आलाय का?"

"ताप आलाय," ती म्हणाली.

"हे गेले तर? मी लावलं असतं तर राहिले असते, असं मला जन्मभर वाटत राहील."

मावशी उठून माझ्याशेजारी येऊन बसली. "लावायचं तर लाव. या वेळी मी पुसणार नाही, वचन देते. पण एकदा लावलंस की रोज लावावं लागेल. सकाळी उठलीस की वाटेल, कालचं वाळलं असेल. मुलीला खोकला आला की वाटेल, गेरू थोडका पडला. जुन्या करारातली माणसं हेच करत होती ग, वर्षानुवर्षं. बोकडाचा बळी दिला, पुन्हा बोकड. त्यांना दुसरा इलाज नव्हता. तुला आहे. म्हणून म्हणते, तुझ्या नवऱ्याला देवानं धरलंय. जगला तरी धरलंय, गेला तरी धरलंय. त्याच्यावर तुझा भरवसा आहे की या बादलीवर, एवढंच ठरव. तुझ्यासाठी ते मला ठरवता येत नाही."

किती राग आला मला तिचा! खोटं का होईना, "तो वाचेल" एवढं तरी म्हणावं की नाही? नाही म्हणाली. मी उठले, बादली उचलली. सासूबाई "हो, हो," म्हणाल्या. मी बादली मागीलदारी नेली आणि सगळा गेरू उकिरड्यावर ओतला.  परत आले तेव्हा मावशीचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. या वेळी ती देवाशी भांडत नव्हती.

संध्याकाळी सरकारी डोली आली. खाडीच्या बाजूला गावाबाहेर रोग्यांसाठी छपरं घातली होती, तिथं न्यायचं. रोग्याबरोबर घरातलं एकच माणूस. माझ्या अंगावर मूल पिणारं. मावशी पुढे झाली. "मी जाते. मी याची मावशी."

"सख्खी का?" कारकुनानं विचारलं.

"सख्खी नाही तर काय, शेजाऱ्याकडून मागून आणलेली? उचल डोली!"

छपरांभोवती बांबूचं कुंपण होतं. मी रोज भाकरी घेऊन तिथवर जायची आणि शिपाई ती आत द्यायचा. मावशी लांबूनच ओरडून खबर द्यायची. "आज पेज घेतली!" "आज शिव्या दिल्या मला! बरा होतोय!" आणि एके दिवशी, "गाठ फुटली ग! वाहून गेली!" माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच मातीत बसले आणि लहान पोरासारखी रडले. आता मावशी घरी येईल असं वाटलं होतं. पण हे अजून अंथरुणातून उठत नव्हते, आणि तोवर शेजारच्या खाटांवरचे रोगीही मावशीला हाका मारायला लागले होते. चेंदणीच्या दोघी कोळणी तिथं होत्या. त्यांना ती पाणी पाजायची, वाचून दाखवायची.

मग मुकादमांच्या बायकोला आणलं. लाल चौकटीच्या घरातून.

मुकादम माझ्या शेजारी कुंपणाशी येऊन उभे राहिले. मावशी आतून आली. किती वाळली होती ती! मी मनाशी म्हटलं, आता ही बोलणार. बोलायला हवंच होतं, मी असते तर बोलले असते. मुकादमांनी बांबू घट्ट धरला. "बाई, मी लावलं होतं हो," म्हणाले. "रोज लावत होतो. रोज."

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली. "घरी जाऊन भाकरी खा, मुकादम. कालपासून जेवला नाहीत तुम्ही, तोंड बघूनच कळतंय. तिच्याजवळ मी आहे. तिला एकटं पडू देणार नाही."

तिनं तो शब्द पाळला. मुकादमांची बायको गेली तेव्हा तिचं डोकं मावशीच्या मांडीवर होतं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कुंपणाशी मावशी आली नाही. शिपाई म्हणाला, म्हातारीला ताप आहे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. माझ्या हातातली भाकरी त्यानं घेतली नाही, त्यावरून मी समजले.

प्लेगनं गेलेल्या माणसाच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नसे. पण मुकादमांनी सरकारी माणसांकडे जाऊन परवानगी मागितली, आणि खांदा द्यायला स्वतः पुढे झाले. आमची सगळी आळी निघाली, लांबून का होईना, मागोमाग चालत. सासूबाईसुद्धा. कुणी कुणाला चला म्हटलं नव्हतं. पुढच्या रविवारी प्रार्थनाघर भरलं. कुणी गावाला गेलं नाही, कुणी घरी बसलं नाही. मुकादमांनी पुस्तक उघडलं, पण त्यांना वाचवेना. "दुसऱ्या कुणीतरी वाचा," म्हणाले. मी उठले आणि वाचलं. बाईमाणसानं तिथं उभं राहून वाचायची ती पहिलीच वेळ. कुणी हरकत घेतली नाही.

पुढे आळीत मावशीच्या गोष्टी सुरू झाल्या. प्रत्येकाची वेगळी. सगळ्यांचं म्हणणं मात्र एकच, की मावशी म्हणजे लोखंड, तिला भीती म्हणून ठाऊक नव्हती, हसत हसत गेली. हे घरी येऊन बरेच दिवस झाले होते. अंगात थोडी ताकद आली होती, पण मावशीबद्दल अवाक्षर काढत नव्हते. एकदा मी ओसरीवर मुलीला तेल लावत होते. शेजारीण येऊन बसली आणि तेच सुरू केलं, हसत हसत गेली बाई, काय तो विश्वास!

"हसत नाही गेली," हे म्हणाले.

शेजारीण गोंधळून उठून गेली. मी तेलाची वाटी खाली ठेवली. "काय झालं होतं?" मी विचारलं. हे माझ्याजवळ येऊन बसले. मग बोलायला लागले. लग्न झाल्यापासून त्यांना एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"घाबरली होती ती. सकाळपासून ताप चढत होता. माझी खाट शेजारीच. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, तारमास्तर, चौकट मी पुसली. तू आजारी पडलास. मुकादमाची बायको माझ्या मांडीवर गेली. माझ्यामुळे झालं का रे हे? तो माझ्यावर कोपला का? तिनं असं विचारलं, आणि मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. पाळकसाहेब असते तर काही छानसं बोलले असते. मी म्हटलं, नाही मावशी, नाही कोपला. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की. थोड्या वेळानं पुन्हा, त्यानं मला टाकलं तर नाही ना रे? मी म्हटलं, नाही टाकलं. नक्की? नक्की. दुपारभर ती विचारत होती आणि मी सांगत होतो. मग तिचा आवाज गेला. नुसतीच बघत राहिली माझ्याकडे. मला वाटलं, विचारता येत नाही तरी विचारत असेल. म्हणून मी सांगतच राहिलो. डॉक्टर आला, माझा हात सोडवायला लागला, म्हणाला, अरे, ही गेली केव्हाच. तेव्हाही मी म्हणत होतो, नक्की, मावशी, नक्की."